स्टँड ज्या लयीत हलत होता

आधी रेलिंगचा आवाज आला. बारीक, धातूचा, चमच्याने पेला वाजवावा तशी किणकिण. मग पायांखालचं काँक्रीट मऊ झाल्यासारखं वाटलं. मी स्टेडियममधल्या प्रेक्षकांच्या वरच्या स्टँडच्या पुढच्या कडेला उभी होते. माझ्या मागे हजारो विद्यार्थी एकाच क्षणी हवेत जात होते आणि एकाच क्षणी खाली येत होते.

मी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे. मिशिगनमधल्या एका युनिव्हर्सिटीने ‘स्टँड हलतो’ या तक्रारीवरून आमच्या फर्मला बोलावलं होतं. अमेरिकन फुटबॉलच्या मॅचचे चार भाग असतात. शेवटचा, म्हणजे फोर्थ क्वार्टर, सुरू होण्याआधी इथला बँड एक ठरलेली धून वाजवतो आणि विद्यार्थी तिच्यावर उड्या मारतात. तीच इथली परंपरा.

प्रत्येक बांधकामाची स्वतःची एक लय असते. आम्ही तिला नॅचरल फ्रीक्वेन्सी म्हणतो. झोपाळ्याला त्याच्याच लयीत ढकलत राहिलं, की लहान मूलही त्याला उंच नेऊ शकतं. हा स्टँड भिंतीत रोवलेल्या फळीसारखा, एका टोकाने मोकळा होता. त्याची लय आणि धुनेची लय जवळजवळ एकच होती.

मी स्लॅबखाली कंपनं मोजणारे सेन्सर चिकटवले आणि सीझनभर दर होम मॅचला गेले. टीम हरत होती तेव्हा ग्राफ विस्कटलेला असे. ज्याची त्याची उडी वेगळी. मग टीम जिंकू लागली. प्रत्येक विजयागणिक ग्राफची टोकं अधिक उंच आणि अधिक रेखीव होत गेली. इतक्या अनोळखी देहांना एक श्वास लाभताना मी कागदावर पाहत होते. मला भीती वाटायला हवी होती. वाटत होता तो निव्वळ अचंबा.

शेवटच्या होम मॅचआधी निर्णय हवा होता. स्टेडियमची व्यवस्था पाहणाऱ्या कॅरनने स्पष्ट सांगितलं, “शेवटच्या वर्षाच्या सीनिअर्सची ही इथली शेवटची मॅच. तू नको म्हणालीस तर स्टँड रिकामा ठेवीन. पण मग ई-मेल्सना उत्तरं तू द्यायचीस.”

फ्रीमाँटच्या ऑफिसातून माझा बॉस मिलिंद फोनवर होता. “अगं, सरळ बंद कर. रिपोर्टवर सही तुझी आहे, यार.”

“मिलिंद, तो पडणार नाही.”

“मलाही कळतं ते. पण घाबरून सगळे एकदम जिन्याकडे धावले तर?”

त्याचं बरोबर होतं. माणसं बांधकामाने दगावतात त्याहून जास्त गोंधळाने दगावतात.

मी पुन्हा सगळे ग्राफ काढून बसले. आदल्या शनिवारचा वेगळा निघाला. त्या दिवशी हाडं गोठवणारी थंडी होती, स्टँड गच्च भरलेला होता, उड्या जोरात होत्या. तरी रेषा शांत. मी त्या दिवशीचं रेकॉर्डिंग लावलं आणि लहानपणी वृत्तं म्हणताना धरायचे तसा बोटांनी ठेका धरला. धून रेंगाळत होती.

बँडचे डायरेक्टर डॉ. व्हिटेकर त्यांच्या खोलीत भेटले. तिथे व्हॉल्व्ह ऑइलचा आणि जुन्या लोकरी गणवेशांचा वास कोंडला होता.

“गेल्या शनिवारी तुम्ही हळू वाजवलंत,” मी म्हणाले.

त्यांचे कान लाल झाले. “थंडीने वाद्यांचे व्हॉल्व्ह गोठत होते. पुन्हा होणार नाही.”

“मला तेच पुन्हा हवंय.”

मी ग्राफ दाखवले. त्यांनी सगळ्यात उंच टोकावर बोट ठेवलं.

“हे आम्ही?”

“तुम्ही आणि ते सगळे.”

“मॅडम, ही धून हळू वाजवली तर अंत्ययात्रा वाटेल. पोरं मला हुर्यो करतील.”

“स्टँड रिकामा असेल तर हुर्योही होणार नाही.”

ते नाइलाजाने हसले. मग पियानोवर धून हळू वाजवून पाहिली, तोंड वाकडं केलं, पुन्हा वाजवली. या वेळी डाव्या हाताने खालचे सूर जड करत. “हळू वाजवायची तर वजनदार वाजवावी लागेल. ट्यूबा वाढवतो.”

मी सही केली, एका अटीवर: रेषा मर्यादेबाहेर गेली तर मी हात वर करणार आणि बँड तत्क्षणी थांबणार.

फोर्थ क्वार्टर आला तेव्हा स्कोअर बरोबरीत होता. ट्यूबांचा, त्या अवाढव्य पितळी वाद्यांचा, पहिला खर्जातला सूर छातीत उतरला. क्षणभर विद्यार्थी गोंधळले. मग त्यांनी ती संथ लय उचलली आणि सगळा स्टँड एखाद्या प्रचंड प्राण्यासारखा सावकाश उठू-बसू लागला. रेलिंग गप्प होतं, माझ्या लॅपटॉपवरची रेषाही. माझा हात खालीच राहिला. टीम शेवटी जिंकली तेव्हाही प्रचंड उड्या पडल्या, पण त्यांना लय नव्हती. त्यांची मला चिंता नव्हती.

बांधकाम बदलता येत नसेल तर भार बदलावा, हे कॉलेजात पहिल्याच वर्षी शिकवतात. कधीकधी भाराला जाऊन भेटावं लागतं, हे शिकवत नाहीत.

उन्हाळ्यात स्टँडखाली डँपर बसवले. म्हणजे कंपनं गिळणारी, स्प्रिंगवर टांगलेली जड वजनं. चाचण्या झाल्यावर मी डॉ. व्हिटेकरांना फोन केला. “आता काळजी नाही. तुमची जुनी लय परत घ्या, हवी तितकी फास्ट.”

पलीकडे कुणीतरी ट्यूबावर तीच धून घोळवत होतं, त्याच संथ, वजनदार लयीत. ते म्हणाले,

“कशाला?”