भिंतीकडची रांग

माझ्या थोरल्या भावाला कारखान्यात सगळे ‘किल्ली’ म्हणतात. गळ्यातल्या नाडीत तो एकच किल्ली अडकवून फिरतो आणि त्या एका किल्लीने तीनशे बारा यंत्रं चालू होतात. माती खोदायची, ढिगारे उचलायची धिप्पाड यंत्रं. पण किल्ली सगळ्यांना सारखीच लागते, हे मला त्याच्याकडून कळलं. लहानपणी शेजारच्यांचा बंद पडलेला पंप तो नुसता कान लावून दुरुस्त करायचा. आई येईल त्याला सांगायची, “याला मशीनचं दुखणं कळतं.” माणसांचं कळतं का, हे तेव्हा कुणी विचारलं नाही.

ही यंत्रं कारखान्यामागच्या आवारात दोन वर्षं उभी आहेत. चाकं आहेत, रंग आहे, बसायला गुबगुबीत गादी आहे. नाही ती फक्त तळहातावर मावेल एवढी एक इलेक्ट्रॉनिक डबी, जिच्याशिवाय यंत्राचा हात हलत नाही. डब्या बनवणाऱ्यांनी हात वर केले. टंचाई खरी होती, ते मी नाकारत नाही. पण या यंत्रांच्या पोटात जुनी, धूर ओकणारी इंजिनं आहेत आणि एका ठरलेल्या तारखेनंतर तसली इंजिनं विकायची नाहीत असा सरकारचा नियम झाला होता. तारीख आली तेव्हा कारखान्याचे साहेब डबीचं रडगाणं घेऊन गेले आणि सहा महिन्यांची मुदत घेऊन आले. मग आणखी सहा महिन्यांची. तोवर इंजिनं आखडू नयेत म्हणून प्रत्येक इंजिन आठवड्यातून दोनदा पंधरा मिनिटं नुसतं चालवायचं, हे दादाचं काम. दोन वर्षांत त्यातल्या एकानेही घमेलंभर माती उचललेली नाही. धूर मात्र रोज.

आवाराच्या भिंतीला लागून सव्वीस यंत्रांची एक रांग आहे आणि भिंतीच्या अलीकडे माझं घर. घरात मी, माझं शिलाई मशीन आणि आई. पांढरं कापड शिवायला घेणं मी कधीच सोडलं. खिडकीच्या चौकटीवरून बोट फिरवलं तर तेलकट काजळी येते, ती साबणाने जात नाही, चोळून चोळून बोटाचं कातडं जातं. सायीवर काळे ठिपके. नाक शिंकरलं की रुमाल काळा. आईच्या उशाशी झाकणाचा डबा असतो, त्यात ती रात्रंदिवस खोकून जे थुंकते ते मी सकाळी धुते. त्याचा रंग सांगत नाही. मला रोज शिसारी येते, तुम्हाला कशाला?

रांग दुसरीकडे हलवा म्हणून मी कारखान्यात जाऊन भांडले. साहेब म्हणाले, ओढायला डिझेल फुकट जाईल. ही त्यांची काटकसर!

दादाने मात्र उपाय काढला. मंगळवारी आणि शुक्रवारी दहाला, भिंतीकडची रांग चालू करायच्या आधी, तो मला फोन करतो. दोन रिंगा आणि कट. म्हणजे खिडक्या लावा. मी खिडक्या लावते, फटींत ओली फडकी कोंबते आणि आम्ही दोघी पाऊण तास कोंडून बसतो. धूर तरीही येतोच. “बघ, कधी विसरत नाही हो,” आई धापा टाकत म्हणते.

यंदा साहेब तिसऱ्यांदा मुदत मागायला गेले, तेव्हा वरच्यांनी एक अट घातली. यंत्रं खरोखर तयार आहेत की नुसतं भंगार साठवलंय, हे अधिकारी येऊन बघणार. मनाला येतील ती वीस यंत्रं निवडणार. त्यातली दोनपेक्षा जास्त बंद निघाली तर मुदत नाही. सगळी इंजिनं उतरवून मोडीत. त्याच आठवड्यात डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की या धुरात आणखी एक वर्ष म्हणजे आईची फुप्फुसं संपली.

रविवारी दादा जेवायला आला. मी ताट वाढायच्या आधीच विषय काढला.

“दादा, तुला काहीही करायचं नाहीये. तीन आठवडे फक्त किल्ली फिरवू नकोस. बॅटऱ्या आपोआप बसतील.”

“आणि मी काय सांगू तिकडे?”

“तुला कोण विचारतंय? आवारात तुझ्याशिवाय कुत्रं फिरकत नाही. आणि नव्या इंजिनांच्या विभागात तुझी जागा पक्की झालीय ना? पत्र तूच वाचून दाखवलंस.”

तो बराच वेळ आईच्या छातीतली घरघर ऐकत बसला. इंजिन ऐकतो तसा, मान तिरकी करून. मग म्हणाला, “नाही चालू करत. शब्द देतो.”

तीन आठवडे फोन वाजला नाही. खिडक्या दिवसभर उघड्या. आई सलग चार तास झोपली, मग पाच. मी धीर करून पांढऱ्या शर्टांचं काम घेतलं आणि पहिला शर्ट शिवून खिडकीत टांगला, उगाचच, बघत बसायला.

चौथ्या आठवड्यात, गुरुवारी, साडेअकराला फोन वाजला. दोन रिंगा आणि कट.

वार चुकीचा, वेळ चुकीची. मला कळायला क्षण लागला आणि तेवढ्यात भिंतीपलीकडचं पहिलं इंजिन फुरफुरलं. मग दुसरं. अधिकाऱ्यांनी निवडलेल्या विसांपैकी सात आमच्या रांगेतली होती. वीसच्या वीस पहिल्या झटक्यात चालू झाली. मी खिडकीकडे धावले, पण शर्ट काजळीने गेला होता.

संध्याकाळी दादा आला. मी दारातच अडवलं.

“शब्द दिला होतास.”

“चालू करणार नाही म्हणालो होतो. तीन आठवडे नाही केली,” तो खाली बघत म्हणाला. “बॅटऱ्या काढून शेडमध्ये नेल्या. चार्ज करून परत बसवल्या.”

“तीनशे बारा?”

“हो. एकट्याने.” आणि देवाशप्पथ सांगते, त्याच्या आवाजात अभिमान होता. “डोळ्यांदेखत मरू द्यायची का गं? माझ्या हातून?”

पोटासाठी केलं असतं तर मी गिळलं असतं. भीतीने केलं असतं तरीही. पण याने ते कौतुकाने केलं, मन लावून, एकेक बॅटरी छातीशी धरून. मला त्याच्याकडे बघवेना. साहेबांनी नियमातून फट काढली आणि याने शब्दातून. एकाच कारखान्याचा माल.

मुदत मिळाली, एक वर्षाची. दादा नव्या विभागात गेलाच नाही, यंत्रांना आता त्याची गरज आहे म्हणे. कारखान्याने त्याला ‘उत्कृष्ट देखभाल’ असं काचेच्या चौकटीतलं प्रशस्तिपत्र दिलं. ते त्याने आईच्या पलंगासमोर लावलं. “थोडं डावीकडे,” आई म्हणाली, “हं, आता सरळ.”

घरातलं बाकी सगळं मी पुसते, ती काच पुसत नाही. पंधरवड्यात तिच्यावर एवढी काजळी बसली की त्याचं नाव दिसेना. परवा, शुक्रवारी, कामावर जाता जाता तो आईला बघायला आला तेव्हा त्याचं तिकडे लक्ष गेलं. त्याने खिशातून रुमाल काढला, काच पुसली, रुमालाकडे बघितलं आणि काळी बाजू आत करून नीट घडी घातली. मी शिवण थांबवून वाट बघत होते. आता तरी काही बोलेल.

“आजपासून फोन पावणेदहाला करतो,” तो म्हणाला. “फडकी कोंबायला तुम्हाला जरा जास्त वेळ मिळेल.”

तो गेल्यावर आईला खोकल्याची उबळ आली. ती ओसरल्यावर डबा माझ्या हातात देत ती म्हणाली, “किती काळजी करतो गं आपली.”

पावणेदहाला फोन वाजला. दोन रिंगा. मी उठून खिडक्या लावल्या.