पेशंटच्या स्टुलावर पप्पा

आमच्या कोपरीत ज्या दारावर नीट, सरळ अक्षरात नाव दिसेल तिथली पाटी सुदेशकाकाची, असं खुशाल समजावं. सुदेशकाका म्हणजे पप्पांचा धाकटा भाऊ. स्टेशनच्या बाजूला त्याचं पाट्यांचं दुकान आहे. कोणी ‘निवास’च्या जागी ‘व्हिला’ लिहा म्हणालं की तो आधी विचारतो, "वन आरके ना?" आणि मग सुंदर ‘व्हिला’ काढून देतो.

या काकाला गेल्या वर्षी आवाज ऐकू यायला लागले. शेजारचा झेरॉक्सवाला रवींद्र भिंतीपलीकडून आपल्याबद्दल बोलतो, मागे माणसं लावतो, असं त्याला वाटायचं. रवींद्रशी भांडायचा, जेवायचा नाही, अर्धं शटर ओढून बसायचा. मग पप्पांनी त्याला माजिवड्याच्या पुढे एका डॉक्टरांकडे नेलं. गोळ्या सुरू झाल्या, आवाज कमी झाले. फक्त झालंय काय, ते काकाला कोणी सांगेना.

पप्पांची पद्धत ठरलेली. काकाला बाहेर बसवायचं, दार इतकुसं उघडून मान आत घालायची, "एक मिनिट हं सर," आणि आत जाऊन कुजबुजायचं, "त्याला सांगू नका, खचेल तो." मोठे डॉक्टरही त्यातलेच. काका समोर बसलेला असताना ते नाकातून पप्पांना विचारायचे, "हंऽ, झोपतात का हे? जेवतात का?" एकदा काका म्हणाला, "विचारून सांगतो." डॉक्टरांनी मान हलवली आणि पुढचं विचारलं.

घरी पप्पा आजाराला ‘वीकनेस’ म्हणायचे, मम्मी ‘ते आपलं हे’ म्हणायची, आणि विठ्ठलवाडीच्या ठमाआत्याला फोनवर थायरॉईड सांगितलेला. तिने बाटलीभर धण्याचं पाणी पाठवलं.

काकाने दोनदा गोळ्या सोडल्या आणि दोन्ही वेळा आवाज परत आले. "दादा, कशाच्या गोळ्या ते कळल्याशिवाय आता एक पण खाणार नाही," तो म्हणाला. "अख्ख्या कोपरीला नावं लावून दिली मी. माझ्याच आजाराला नाव नाही?"

"अरे वीकनेस आहे सुद्या."

"मग शेंगदाणे खातो."

पप्पांचं तोंड उतरलं. तिसऱ्यांदा गोळ्या सुटल्या तर काय होईल, ते आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं.

पुढच्या तपासणीला मी पण बरोबर गेले, तर मोठे डॉक्टर रजेवर होते. त्यांच्या जागी अक्षदा मॅडम, एकदम तरुण. नाव पुकारलं तसे पप्पा ‘एक मिनिट हं’ म्हणायला धावले, पण काका आणि मी मागोमाग घुसलो. गडबडलेले पप्पा पहिलं दिसलं त्यावर बसले. ते पेशंटचं स्टूल होतं. काका नातेवाइकांच्या खुर्चीत बसला, कडक इस्त्रीचा शर्ट, पायावर पाय.

मॅडमनी फाइल चाळली आणि दोघांकडे पाहिलं. पप्पांना घाम फुटलेला, शर्टाची बटणं वरखाली लागलेली. मॅडम काकाकडे वळल्या. "तुम्ही भाऊ ना?"

"हो, भाऊच," काका म्हणाला. खोटं काहीच नव्हतं त्यात.

"मग स्पष्ट बोलते. यांना स्किझोफ्रेनिया आहे. घरी यांना कोणी सांगितलंय?"

"कोणीच नाही."

पप्पांनी तोंड उघडलं. "तुम्ही शांत बसा हं," मॅडम त्यांना हळूच म्हणाल्या. मग काकाला, "यांना आवाज येतात का अजून?"

"दिवसभर यायचे," काका म्हणाला. "आता दुपारचे, गिऱ्हाईक नसलं की."

"बरंच माहीत आहे तुम्हाला."

"एकत्रच राहतो."

मी ओढणी तोंडात कोंबली. काकाने मात्र सगळं विचारून घेतलं. बरा होतो का? बरेच जण सावरतात, काहींना गोळ्या पुष्कळ वर्षं लागतात. म्हणजे वेड का? नाही, मेंदूचा आजार आहे. काम करता येईल? येईल, करावंच.

"आणि हे त्याला सांगायचं का?"

मॅडमनी फाइल मिटली. "घरचे नको म्हणतात सहसा. तुम्हाला काय वाटतं?"

"सांगावं. कशाची गोळी ते माहीत नसेल, तर कोण खाईल?"

मॅडमनी मान डोलावली आणि स्टुलाकडे वाकल्या. "हे बघा, तुम्हाला जो आजार आहे ना..."

"मला नाही हो," पप्पा रडवेले झाले. "ह्याला आहे."

"सुरुवातीला असंच वाटतं," मॅडम समजुतीने म्हणाल्या.

माझी ओढणी सुटली आणि मी फिदीफिदी हसले. काकाने खुर्चीतूनच हात वर केला. "मॅडम, सुदेश मी."

मॅडम लालबुंद झाल्या. "माझी चूक झाली. आधी नाव विचारायला हवं होतं." मग टेबलाला वळसा घालून त्या काकाच्या शेजारी येऊन बसल्या. "तुम्ही ऐकलंत सगळं, पण मी ते तुम्हाला सांगितलं नव्हतं. आता सांगते. सुदेशजी, तुम्हाला स्किझोफ्रेनिया आहे."

काकाचा पाय खाली आला. पप्पांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"म्हणजे रवींद्र काही बोलत नव्हता?" काकाने विचारलं.

"फाइलमध्ये आहेत ते शेजारी ना? नव्हता."

"एकदा पण नाही?"

"तुमच्याबद्दल कट वगैरे नाही. तो आजार होता."

"आयला," काका म्हणाला. "मी त्याच्या आईवरून बोललेलो."

परतताना रिक्षात पप्पा म्हणाले, "कोणी विचारलं तर थायरॉईडच सांग." कोपरीत उतरल्यावर काका सरळ झेरॉक्सच्या दुकानात शिरला. रवींद्र मशीनमागे सरकला.

"पाणी दे रे. गोळी घ्यायचीय."

"कसली गोळी?"

"स्किझोफ्रेनियाची. आवाज येतात त्यात. भिंतीपलीकडून तू बोलायचास ना, तो तू नव्हतास."

रवींद्र मशीनमागून पुढे आला. "मी गेलं वर्षभर काय सांगतोय मग?"

"हो, पण तू डॉक्टर नाहीस ना."

रवींद्रने बाटली पुढे केली. काकाने पाकीट फोडलं, मागचं बारीक नाव आधी वाचलं, आणि गोळी गिळली.