आईच्या कॅसेटमधली घूं

धरमपेठेत एका कातडीच्या डॉक्टरच्या बंगल्यात दर रविवारी सकाळी काही पुरुष जमतात आणि तारा ऐकतात. हो, ताराच. गाणं तेच असतं, त्यातलं मिनिटसुद्धा तेच. मधे डॉक्टर उठतो, अॅम्प्लिफायरच्या मागे हात घालून एक केबल काढतो, दुसरी खोचतो आणि बाकीचे डोळे मिटून माना डोलवतात. "पडदा सरकला," एक जण म्हणतो. "खालचा सूर मोकळा झाला," दुसरा म्हणतो. माझ्यासमोर कधी काही सरकलं नाही, सरकले असतील तर त्यांचे मेंदू.

त्या केबली मनगटाएवढ्या जाड. जमिनीचा स्पर्श होऊ नये म्हणून खाली सागवानाचे ठोकळे. वर बाण छापलेले, म्हणजे आवाजाने वाट चुकू नये. एकदा बाण उलटा लागल्याचं कोणाच्या तरी लक्षात आलं, तर डॉक्टरने असा कपाळाला हात लावला की जणू घरात कोणी दगावलं. चिवड्याला तिथे बंदी, कुरकुर होते म्हणून. रविवारची सकाळ, नागपूर शहर, आणि तर्री-पोह्यांचा पत्ता नाही. बिनसाखरेचा चहा पिऊन ही माणसं तार ऐकतात.

मी तिथे काहून मरायला जात होते? आईच्या कॅसेटसाठी.

माझे वडील कोराडीच्या वीज केंद्रात ऑपरेटर होते. आमचं क्वार्टर तिथल्याच कॉलनीत. वडिलांनी कधीतरी हौसेने टेपरेकॉर्डर आणला आणि आई स्वयंपाकघरात काम करता करता गात होती ते भरून घेतलं. आईचं गाणं म्हणजे विहारात म्हणायची गाणी, जयंतीची गाणी, काही तिने स्वतःच जुळवलेली. शिकली कोणाकडे नाही. पण गळा असा की शेजारच्या बाया भांडी घासायची थांबत.

वस्तीत एक गायनपार्टी होती आणि पार्टीत एक पेटीमास्तर. जयंतीच्या कार्यक्रमाच्या तालमीत त्याने आईला गायला बसवलं. एक सूर दिला, आईचा आवाज त्याच्या जरासा वर. त्याच्या पुढचा दिला, तर जरासा खाली. मास्तरने पेटी बंद केली आणि सगळ्यांसमोर सांगितलं, "बाई, तुमचा सूर ना इकडचा ना तिकडचा. तुम्ही टाळ्या वाजवा." आई उठून घरी आली. त्यानंतर ती गायली नाही. अंगाईसुद्धा नाही. माझा धाकटा भाऊ रडून रडून झोपायचा, पण ही ओठ घट्ट मिटून थोपटत राहायची. आता तिने पंच्याहत्तरी ओलांडली. वडील गेल्यावर माझ्याकडेच असते. कॅसेटचा विषय काढला की एकच उत्तर, "फेकून दे वं ते. बेसूर हाय."

मला ती कॅसेट स्वच्छ करून आईला ऐकवायची होती. बाई बेसूर आहे की नाही, हे तिने एकदा स्वतःच्या कानांनी ठरवावं, एवढंच मला हवं होतं. पण वाजवायला गेलं की आवाजाच्या मागे अखंड घूंऽऽ. मधमाश्यांचं मोहोळ भिंतीत असावं तशी. हातावरच्या पुरळासाठी डॉक्टरकडे गेले होते तेव्हा बोलता बोलता हे निघालं. डॉक्टरने मलमाची चिठ्ठी तशीच टाकली आणि त्याचे डोळे चमकले. "केबल! तुमच्या टेप डेकपासून कॉम्प्युटरपर्यंत जी केबल आहे ना ताई, ती बाजारी आहे. तिला शिल्ड नाही. घरातल्या विजेचा सगळा गोंगाट ती पिते." मग रविवारी बोलावलं. मी गेले, ऐकलं, माना डोलवणारे पाहिले. एखादी केबल चार दिवस द्याल का, असं विचारलं तर म्हणाला, "केबल उसनी नाही देत हो. तिला आपल्या सिस्टीमची सवय झालेली असते." तार आहे की सासुरवाशीण?

म्हटलं, ठेव तुझी तार तुझ्याकडे. मी कॉलेजात केमिस्ट्री शिकवते, दोन पिना डागणं काय मोठं आहे! सीताबर्डीच्या गल्लीतून माइकची शिल्डवाली वायर आणली, पिना आणल्या, सोल्डरिंग आयर्न आणलं. वायरच्या आत दोन बारीक तारा असतात आणि त्यांच्याभोवती तांब्याची विणलेली जाळी. तीच शिल्ड. बाहेरचा गोंगाट ती अंगावर घेते आणि आतल्या तारांपर्यंत पोहोचू देत नाही. तिला जोडायचं मात्र एकाच टोकाला. दुसऱ्या टोकाला जाळी कापून वर स्लीव्ह चढवायची, नाहीतर तीच घूं करायला लागते. कागदावर सगळं सोपं असतं.

मी डायनिंग टेबलावर वर्तमानपत्र अंथरून बसले. आई समोर वांगी चिरत होती.

"काय करून राहिली वं?"

"तार बनवून राहिले. तुह्या कॅसेटसाठी."

"घरात तारा कमी हायेत का? चार्जर शोधायले गेलं तर जाळं हाती येते."

पहिल्या पिनेत मी तारेवरचं प्लास्टिकच वितळवलं. दुसऱ्या पिनेत सोल्डर गोळा होऊन बसलं, ओढलं की सुटलं. तिसऱ्या वेळी जाळीचा एक केस आतल्या तारेला चिकटून राहिला आणि आवाजच गायब. "पोळी जळली तरी इतका धूर नाही होत," आई म्हणाली आणि खिडकी उघडून दिली. शेवटी एक जोडी तयार झाली. दिसायला रस्त्यावरच्या अपघातासारखी, पण मीटरवर तपासली तर ठणठणीत. लावली.

घूंऽऽ.

उघडून जाळी दोन्ही टोकांना जोडली. घूं. पुन्हा एका टोकाला. घूं. डेक खिडकीशी नेला, अॅडॉप्टर बदलला, फ्रिजची पिन काढून पाहिली, पंखा बंद करून घामाने निथळले. घूं जागची हलेना. डॉक्टरला फोन केला तर म्हणाला, "तांबं कुठलं वापरलं? तांब्यात शुद्धता नाही तुमच्या." मी फोन ठेवून तोंडातल्या तोंडात जे बोलले ते आई म्हणते की विहाराच्या पायरीवर बोलता येणार नाही.

मग एका संध्याकाळी रागारागाने मी आईची कॅसेट काढली आणि बाजारातून आणलेली दुसरीच कुठलीतरी लावली. शांत. घूं नाही. आईची लावली, घूं. पुन्हा दुसरी, शांत. माझ्या केबलीत काहीच खोट नव्हती. बाजारी केबल लावून पाहिली, तीसुद्धा निर्दोष. घूं कॅसेटच्या आतच होती, पहिल्या दिवसापासून. ब्लँक, म्हणजे आधी नुसतं कोरं द्रावण, तपासल्याशिवाय टायट्रेशन करू नका म्हणून मी पोरांवर घसा फोडून ओरडते, आणि मला स्वतःला दुसरी कॅसेट लावून बघायचं सुचलं नाही. पण धरमपेठेतल्या त्या सगळ्या कानवाल्यांपैकी एकालाही सुचू नये? कसं सुचणार? त्यांच्या जगात जे काही वाईट होतं ते तारेमुळे आणि जे चांगलं होतं तेही तारेमुळे. गायला कोण बसलंय हे शेवटचं.

डॉक्टरला सांगितलं तेव्हा त्याला लाजही वाटली नाही. "मग तर सोपं आहे. घूं मी कॉम्प्युटरवर काढून देतो. रविवारी आईंना घेऊनच या."

आईला तयार करायला मला आठवडा लागला. "कायले? माहा तमाशा करायले?" असं म्हणत राहिली, पण रविवारी पाहते तर पांढरी नवी साडी नेसून, पर्स मांडीवर घेऊन तासभर आधीच बसलेली. तिला ऐकायचं होतं.

डॉक्टरने तिला मधल्या खुर्चीत बसवलं, मनगटाएवढ्या तारा लावल्या आणि वाजवलं. घूं खरंच गेली होती. आईचा तरुण आवाज एकटाच त्या मोठ्या खोलीत उभा राहिला. सगळ्यांनी डोळे मिटले. आई पर्सच्या बंदाला धरून बसली होती. गाणं संपलं आणि डॉक्टर हळूच हसला. "आवाजाला काय गोडवा आहे! फक्त, आई, रागावू नका. सूर पट्टीत नाही. बघा." त्याने मोबाइल पुढे धरला. त्यात सूर दाखवणारं काहीतरी होतं, एक काटा. गाणं पुन्हा लावलं. पेटीच्या पांढरी पाच आणि काळी चार या दोन पट्ट्या, आणि काटा त्यांच्या बरोबर मधे. "ना इकडे ना तिकडे," डॉक्टर म्हणाला. शब्दसुद्धा तेच.

कानवाले हं हं करत राहिले. एकाने तर आईला समजावलं की रियाज नसला की असं होतं. मला त्या ठोकळ्यांपैकी एक उचलून त्याच्या टाळक्यात घालावासा वाटला. आईने चहा संपवला, डॉक्टरच्या बायकोला "चहा चांगला झाला" म्हणाली आणि उठली. ऑटोत एवढंच बोलली, "म्हनलं होतं ना तुले."

घरी येऊन ती साडी न बदलता दाणे सोलायला बसली. माझं डोकं भणभणत होतं. मी मूळ कॅसेट डेकमध्ये टाकली आणि माझ्या त्या अपघाती केबलीने स्पीकरला जोडली. का लावली, सांगता येणार नाही. त्या गुळगुळीत आवाजाने कान विटले होते, एवढं खरं.

गाण्याच्या आधी थोडा वेळ नुसती घूं येते. ती सुरू झाली आणि आईचे हात थांबले.

"डीपी," ती म्हणाली.

"काय?"

"आपल्या सैपाकघराच्या मागं डीपी नव्हती का? जाळीतली, ट्रान्सफार्मरची? दिवस-रात्र वाजत राहे. तुह्या बाबाले तर तिच्याबिगर झोप नाही ये." ती ऐकत राहिली. "मी तिच्यातूनच सूर उचलू ना. आमच्याकडं पेटी कुठं होती? डीपी लागली का माहा सा लागे."

आणि मग टेपमधली आई गायला लागली. डॉक्टरच्या घरी तो आवाज भिंत नसलेल्या खोलीसारखा वाटत होता. इथे त्याच्याखाली पाया आला. घूं आणि आवाज एकमेकांत असे बसले होते की कुठे एक संपतो आणि दुसरा सुरू होतो ते कळेना. मी धावत मोबाइल आणला, डॉक्टरने दाखवलेलं ते काट्याचं अॅप उतरवून घेतलं आणि गाणं थांबतं तिथे, नुसत्या घूंसमोर धरलं. काटा पांढरी पाच आणि काळी चारच्या बरोबर मधे. आईच्या आवाजासमोर धरलं. तिथेच. पुढच्या ओळीला, त्याच्या पुढच्या ओळीला, कडवं संपवून ‘सा’वर आली की प्रत्येक वेळी तिथेच. बेसूर माणूस इतक्या वेळा एकाच ठिकाणी चुकतो का हो? पेटीत त्या जागेला पट्टीच नाही. मास्तरकडे ती पट्टी नव्हती, म्हणून आईला टाळ्या. आणि ह्या दीडशहाण्यांनी तिच्याखालचा तंबोरा कापून फेकला आणि मग तिलाच सांगितलं की सूर चुकला.

मी आईला दाखवलं. काटा, घूं, तिचा आवाज, पेटी. दोनदा समजावलं. ती मोबाइलकडे बघतच राहिली.

"मंग मी बेसूर नव्हती?"

"नाई वं आई. कधीच नव्हती."

मला वाटलं रडेल. ती संतापली. हातातले दाणे तिने ताटात आपटले. "मंग त्यानं मले काहून उठोलं? साऱ्या वस्तीसमोर? मी पोराले अंगाई नाही म्हनली वं! माह्या पोराले! मुडदा बशिवला त्या पेटीवाल्याचा!"

"तो मेला, आई. कधीचाच."

"मेला तं मेला," आई म्हणाली आणि नाक पुसून उठली.

ती स्वयंपाकघरात गेली. फ्रिज गप्प होता. तिने त्याचं दार सताड उघडलं आणि समोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली. मी म्हटलं, "दूध खराब होईल." म्हणाली, "होऊ दे." थोड्या वेळाने फ्रिज आतून खट् झाला आणि घूं करायला लागला. वीज तीच, म्हणून घूंही डीपीचीच. आईने दार लावलं, त्यावर तळहात टेकवला, डोळे मिटले आणि सा लावला. आवाज फाटलेला होता, दम पुरत नव्हता, वरच्या ओळीला खोकला आला. मोबाइल माझ्या हातातच होता. मी काटा पाहिला नाही.

एक झालं, दुसरं झालं. तिसऱ्या गाण्याच्या कडव्यात फ्रिज बंद पडला. आईने गाणं सोडलं नाही, माझ्याकडे बघून नुसता हात केला. मी धावत जाऊन दार उघडलं.