चिंचेखालची हळद

अंगणात चिंचेखाली पाच सुवासिनी नवरीला हळद लावत होत्या आणि मी फोटो काढत होते. नवरीची विधवा आई दोन पावलं मागे उभी होती. ऊन सरकत चाललं होतं, मला घाई झाली होती.

"काकू, जरा बाजूला व्हा, फोटोत येताय," मी म्हणाले.

त्या लगेच सरकल्या, जणू कुणीतरी हे सांगणारच होतं.

"आई, तू पण लाव ना," नवरी म्हणाली.

"होऊ दे त्यांचं. ताईंचा फोटो बिघडेल."

विधवांना मान द्या, अशी पत्रकं मी भर बाजारात वाटली आहेत, न घेणाऱ्यांशी भांडलेही आहे. मी रूढी पाळली नाही, फक्त फोटो सांभाळला, असं मनाला सांगून पाहिलं. पण बाजूला सारणाऱ्या प्रत्येकाकडे असंच साधं कारण असतं. कुणाचा मुहूर्त टळत असतो. माझं ऊन चाललं होतं.

हळद आटोपल्यावर मी त्यांना गाठून म्हणाले, "काकू, चुकलं माझं. लेकीजवळ बसा, एक फोटो काढते."

"आता कशाला? तिला अंघोळ घालायचीय." माझा चेहरा पाहून त्या थांबल्या. "वाईट वाटून घेऊ नका हो. मला सवय आहे."