आईची भट्टी आणि हवालदाराचं नाक

आधीच सांगून टाकते — भूत, चकवा, मुंज्या, यातलं मी काहीही मानत नाही. बी.एस्सी. केमिस्ट्री केलंय, तारापूर एमआयडीसीतल्या एका कंपनीच्या लॅबमध्ये नऊ वर्षं नोकरी करतेय, कुंभवलीला भाड्याने राहते. अमावास्येला रिक्षात बसायला घाबरणाऱ्या मैत्रिणींना मीच हसत आलेय. त्यामुळे इथे लिहायला बसले तेव्हा माझं मलाच हसू आलं... पण घडलं ते घडलं.

दुसरी गोष्टही आधीच सांगते. माझी आई दारू गाळायची. मोहाची. शाळेत मला ‘दारूवालीची पोर’ म्हणायचे. कॉलेजात तीन वर्षं मी हे लपवलं. आता लपवत नाही.

बोईसरहून चिल्हार रस्त्याने हायवे ओलांडला, की आत डोंगराच्या पायथ्याला आमचा पाडा. भातशेती पावसापुरती. दिवाळी झाली की बापा वीटभट्टीवर जायचा तो पाऊस आला की परतायचा. मधले सात-आठ महिने घर आईचं. आमच्यात लग्न असो, बारसं असो, नाहीतर कुणाचं दिवसकार्य, देवापुढे दारू लागतेच. आणि पाच पाड्यांतली माणसं एकच सांगायची — देवाला ठेवायची तर सोमीबायच्या हातची. सोमीबाय म्हणजे माझी आई.

नवसागर नाही, युरिया नाही, कसली पावडर नाही. फुलं, थोडा गूळ आणि विहिरीचं पाणी. धार सुरू झाली की पहिली वाटीभर ती जमिनीवर ओतायची. कितीही मोठं गिऱ्हाईक दारात बसलेलं असो, ती वाटी कुणाला मिळायची नाही. ‘ती देवाची,’ म्हणायची. पुढे कॉलेजात शिकले — जे सगळ्यात घातक असतं ते आधी उकळून बाहेर येतं. आई शाळेची पायरी चढली नव्हती. तिची दारू पिऊन कुणाचे डोळे गेले, कुणी दगावलं, असं एकदाही झालं नाही. मी लॅबमध्ये काचेच्या उपकरणांवर डिस्टिलेशन करते ना, तेव्हा शेजारच्या टेबलावरच्या मुलाला अभिमानाने सांगते — हे मी सातवीत असतानाच शिकलेय.

तर, त्याच सातवीच्या सुट्टीतली गोष्ट. वैशाख. एरवी आईची भट्टी ओहोळाच्या काठाला, झाडीत. पण ओहोळ आटला होता आणि भट्टीवरच्या भांड्यात सारखं थंड पाणी घालावं लागतं. म्हणून विहिरीजवळ, म्हणजे आमच्याच घराला लागून असलेल्या गोठ्यात तिने मडकी चढवली होती. शेजारच्या काशीमावशीच्या मुलीचं लग्न दोन दिवसांवर होतं, थांबून चालणार नव्हतं.

आदल्या वर्षी आई एकदा पकडली गेली होती. ‘पुन्हा सापडलीस तर आत जाशील,’ असं पोलिसांनी तेव्हाच बजावलं होतं. आई आत गेली असती तर माझी शाळा संपली होती. बापाकडे वीटभट्टीवर जायचं, डोक्यावर विटा वाहायच्या... हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. आमच्या वर्गातल्या चार मुली तशाच गेल्या होत्या.

सकाळचे दहा वाजले असतील. मोहाचा वास ज्याने घेतलाय त्याला माहीत आहे — गोडूस, आंबूस, डोक्यात चढणारा. भट्टी चालू असली की पार रस्त्यापर्यंत कळतं. मी पाणी ओतत होते आणि जीपचा आवाज आला.

त्यातून उतरला तो हवालदार सगळ्या पट्ट्यात प्रसिद्ध होता. घाटावरचा माणूस, स्वतः थेंबालाही न शिवणारा. नुसत्या वासावर झाडीतल्या भट्ट्या शोधायचा. लोक त्याला नाकाड्याच म्हणायचे.

पळायला वेळच नव्हता. आईने मडक्यांवर गोणपाट टाकलं. मी तिथेच उभी, दातावर दात आपटत होते. आई एकदम, पोराला दटावावं तशी, हळूच म्हणाली, “गप बस आता. जरा गप बस.”

आणि वास गेला.

कसं सांगू... कमी झाला नाही, विरला नाही. दार लोटल्यावर आवाज बंद व्हावा तसा गेला. मी दोनदा जोरात श्वास घेतला. शेणाचा वास येत होता. धुराचा येत होता. हवालदार अंगणात आला तेव्हा त्याच्या डोक्याचं आवळ्याचं तेलसुद्धा मला वासाने कळलं. म्हणजे माझं नाक बिघडलं नव्हतं. फक्त मोहाचा वास नव्हता. आणि गोणपाटाखाली धार तशीच पडत होती — थेंब थेंब, मला ऐकू येत होती.

वारा समुद्राकडून, पश्चिमेचा. गोठा पश्चिमेला, हवालदार अंगणात पूर्वेला. मध्ये कुडाची भिंत. वास सरळ त्याच्या तोंडावर जायला हवा होता.

“काय गं, काय शिजतंय?” त्याने विचारलं.

“गुरांचं आंबोण हाय, सायेब,” आई दारात येऊन म्हणाली. तिचा आवाज जरासुद्धा कापला नाही. “पानी देऊ का?”

तो पाणी प्यायला. मग उठून गोठ्याच्या दारापर्यंत आला, मान आत घातली. आत काळोख, धूर, मी, एक बैल आणि गोणपाटाखालचा ढीग. त्याने डोळे मिटून लांब श्वास घेतला. एकदा... दोनदा. माझ्यापासून तो चार हातांवर होता.

“इथं काही नाही,” तो बरोबरच्या शिपायांना म्हणाला. पण स्वतःलाच पटत नसल्यासारखा जागेवरच उभा राहिला. मग गेला.

जीप वळणाआड गेली आणि वास परत आला. इतका, की बैलाने फुसकन नाक फेंदारलं. काशीमावशी धावत आली. “सोमे, सकालधरनं वास येत व्हता, मधीच कुटं गेला? मला वाटला तू भट्टी इजवलीस!”

आई नुसती हसली आणि पुन्हा पाणी ओतायला लागली. लग्नाची दारू वेळेवर पोचली.

बरीच वर्षं मी स्वतःला समजावलं, की वाऱ्याचा झोत असेल, भीतीने भास झाला असेल. पण गेल्या वर्षी आमच्या कंपनीच्या गेटवर एक नवा सिक्युरिटी सुपरवायझर आला. निवृत्त पोलीस, केस पांढरे. माझ्या ओळखपत्रावरचं गावाचं नाव वाचून थबकला. “तिथं एक सोमीबाय होती...”

“माझी आई,” मी म्हणाले. ताठ मानेने म्हणाले.

तो म्हणाला, “पक्की खबर होती, पोरी. भट्टी चालू आहे हे मला माहीत होतं. पण वास नाही तर गोणपाट उचलून काय उपयोग, असं वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा नाक खोटं बोललं.” जरा थांबून, आवाज खाली आणत तो पुढे बोलला. “संध्याकाळी घरी गेलो, तर बायको दारातच आडवी आली. म्हणे, ड्युटीवर पिऊन आलात! वर्दीला मोहाचा असा वास मारत होता... दोनदा धुतली तरी जाईना. पण बाहेर कुठं, जीपमध्ये कुठं, मला एकदाही आला नव्हता.”

म्हणजे वास तिथेच होता. त्याच्या अंगाला लागून गेला होता.

रविवारी पाड्यावर गेले, आईला सगळं सांगितलं. म्हटलं, आता तरी सांग. त्या दिवशी तू मडक्याला ‘गप बस’ म्हणालीस, ते काय होतं? कुठला मंत्र होता?

आई तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “मडक्याला? मी तुला म्हनलं गं. तुजे दात किती वाजत व्हते!”

तिलाही माहीत नव्हतं. इतकी वर्षं मला वाटत होतं, निदान एका माणसाला तरी हे ठाऊक आहे.

“मंग वास का गेला, आये?”

“मला काय ठावं. तू शिकलीस ना, तूच सांग.”

मी शिकले, आये. तुझ्याच भट्टीवर शिकले. पण हे मला अजून सांगता येत नाही.