वरची चावी अजून फिरली नाही

लालबागच्या चाळीतल्या म्हाताऱ्यावर कोणी लिहायला बसलं की तुम्ही सगळं आधीच ठरवून मोकळे होता. आता गणपती येणार, मसाल्याचा ठसका येणार, मधेच गिरणीचा भोंगा होणार आणि शेवटी म्हातारा लेखकाच्या डोक्यावरून मायेनं हात फिरवणार. सॉरी. यातलं काहीही मिळणार नाही. माझ्या डोक्यावरून हातबित काही फिरलेला नाही. बोलणी मात्र खाल्ली, ती शेवटी सांगतो. आधी एवढंच ऐका, की जगात वाट बघायची स्पर्धा भरली तर आमच्या समोरच्या खोलीतले काका पहिले येतील, आणि मग निकालाचीही वाट बघत बसतील.

काका पालिकेच्या पाणीखात्यात चावीवाले होते. म्हणजे रस्त्यातलं लोखंडी झाकण उघडायचं, आत लांब दांड्याची चावी घालायची, मोजून आटे फिरवायचे, की अख्ख्या आळीच्या नळांना पाणी. पस्तीस वर्षं त्यांनी ठाकूरद्वारच्या वाड्यांना पाणी सोडलं. आजही तिकडून जाताना ते झाकणावर पाय ठेवून दोन सेकंद उभे राहतात, देवळाच्या पायरीवर टेकावं तसं. एकदा मी बरोबर होतो, तर वरच्या गॅलरीतून एक आजी ओरडल्या, "अहो चावीवाले! तुम्ही होतात तेव्हा आम्ही घड्याळं लावायचो हो तुमच्यावर!" काका त्यानंतर लालबागला येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. एवढा खूश झालेला माणूस मी फार कमी बघितलाय.

तर असा माणूस रिटायर झाला, आणि त्याच्या लेकीनं पहिल्या पगारातून त्याला स्मार्टफोन घेऊन दिला. लेक म्हणजे ताई, कुवेतला नर्स आहे. काकू जाऊन सहा वर्षं झाली, त्यामुळे घरात काका आणि फोन. रोज संध्याकाळी सातला, ड्युटीवर जायच्या आधी ताई व्हिडिओ कॉलवर दिसायची. काका त्यासाठी दाढी करायचे. संध्याकाळी! कॉलमध्ये बोलायचे काय, तर "चेडवा, जेवलंस?" आणि "केस कित्याक कापलंस?" बाकी नुसते बघत बसायचे.

आता मुद्दा अपडेटचा. फोन घेताना दुकानदार म्हणाला होता, "काका, याला नवीन सॉफ्टवेअरचं अपडेट येणार, मग फोन एकदम नवा होणार." दुकानदार बोलून गेला, तसे दुकानदार बोलतात. मीही परळला मोबाईल दुरुस्तीच्या दुकानातच असतो, मीही बोलतो. पण काकांनी ते मनावर घेतलं. अपडेट टप्प्याटप्प्यानं सोडतात, हे त्यांना जेवढं पटलं तेवढं ते बनवणाऱ्यालाही पटलं नसेल. "बरोबरच आसा," ते म्हणायचे. "सगळ्यांका एकदम सोडला तर प्रेशर खय रवतला? आधी वरळी, मग परळ, मग आपण. वर कोणतरी चावी घेऊन बसलेलो आसा. माणूसच तो. येतला."

त्यांनी अपडेटसाठी जी तयारी ठेवली होती ती बघायला मी मित्रांना घेऊन यायचो. रोज सकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी, म्हणजे त्यांच्या जुन्या ड्युटीच्या वेळेला, ते फोनमधलं 'अपडेट तपासा' दाबणार. संध्याकाळी एकदा. बस्स. मी एकदा लागोपाठ चार वेळा दाबलं तर माझ्या हातावर फटका मारला. "सारखी फिरवू नको रे, आटे झिजतत!" फोन ठेवायचा तो पाटावर, जमिनीवर, वायफायच्या बरोब्बर खाली, कारण कुठलीही गोष्ट उतारानंच येते. आमचा मजला तिसरा. वरच्या मजल्यांना प्रेशर कमी, असा त्यांना संशय आला तेव्हा आठवडाभर ते फोन घेऊन तळमजल्यावर जिन्याखाली बसत होते. फोनमधले लोकांचे शुभ सकाळचे मेसेज, फुलं, देव रोज पुसून टाकायचे. "टाकी भरलेली असात तर पाणी कोण सोडीत?"

आणि एवढं करून झालं की गाऱ्हाणं. कोकणात देवापुढे गाऱ्हाणं घालतात, एकानं मागायचं आणि बाकीच्यांनी प्रत्येक वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणून हुंकार द्यायचा. बाकीचे म्हणजे मी. मी तासगावचा. माझा कोकणाशी संबंध कोकमापुरता. पण रात्रीच्या जेवणाचा डबा काकांकडे असायचा, म्हणून आमटीच्या वासात उभा राहून मीही ओरडायचो.

"बा देवा म्हाराजा! वर जो कोण चावी घेऊन बसलेलो असात, तेका बुद्धी दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"वाटेत खय कचरो अडाकलो असात, तो बाजूक कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

दोन वर्षं रोज. झोपेत कोणी 'म्हाराजा' म्हटलं तरी माझ्या तोंडून हुंकार निघाला असता. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तक्रारीही करून झाल्या होत्या. फोनवाले म्हणायचे सिमवाल्यांना विचारा, सिमवाले म्हणायचे आमच्याकडून कधीच पुढे गेलंय. दादरच्या सर्व्हिस सेंटरला काका टोकन घेऊन तीन तास बसले आणि काउंटरवरच्या माणसानं एका वाक्यात निकाल लावला, "अंकल, नया ले लो ना." काका शांतपणे म्हणाले, "पाणी येत नाय म्हणून कोण नळ बदलता काय रे?"

नक्कल करणाऱ्याला दुसऱ्याचं काही स्वतःपुरतं ठेवता येत नाही. मी हे सगळं दुकानात करून दाखवायचो. काकांची मान, काकांचा फटका, काउंटरवाल्याचं 'अंकल'. शाळेतही हेडमास्तरांची नक्कल हेडमास्तर मागे उभे असताना केलेला माणूस मी, मला कुठे थांबायचं ते कळत नाही. आणि माझी सगळ्यात भारी नक्कल म्हणजे कस्टमर केअरची बाई. अगदी इस्त्री केलेलं मराठी. "नमस्कार सर, आपल्याला झालेल्या असुविधेबद्दल आम्ही दिलगीर आहोत."

दिवाळीच्या आधी काकांच्या फोनवर पाटी आली. व्हिडिओ कॉलचं ते ॲप पुढच्या एक तारखेपासून या जुन्या सॉफ्टवेअरवर चालणार नाही. अपडेट करा. म्हणजे अपडेट आलं नाही तर ताई दिसायची बंद. काकांनी पाटी मला तीनदा वाचायला लावली. मी म्हटलं, "सातला माझ्या फोनवर बोला," तर म्हणाले, "सातला तू दुकानात. आणि दुसऱ्याच्या नळावर किती दिवस भरूचा?"

मी दुकानातल्या कॉम्प्युटरवर कंपनीची यादी काढली. ज्या मॉडेलना आता काहीही मिळणार नाही त्यांची यादी. काकांचा फोन वरून सातवा. बंद होऊन वर्ष झालं होतं. म्हणजे वर चावीवाला नव्हताच. पाइपलाइनच तोडून टाकलेली.

त्या रात्री सांगायला गेलो. काका पाट पुसत होते. मला म्हणाले, "काय रे, कायतरी कळला काय?" मी म्हणालो, "येईल काका." आणि जेवलो.

दुसऱ्या दिवशी दुकानात हे सांगितलं तर बरोबरचा दुरुस्तीवाला म्हणाला, "अबे, तुझी बाई काढ ना. म्हाताऱ्याला दोन दिवस बरं वाटेल." खरं सांगतो, मला आवडली आयडिया. दुकानाच्या फोनवरून लावला, स्पीकरवर. "नमस्कार सर, आपलं अपडेट येत्या सोमवारी सोडण्यात येईल." मग काका म्हणाले, "बाई, तुमका देव बरा करो." दुकानात सगळे हसले. मी जास्त हसलो. त्या संध्याकाळी दुकानातून लवकर सुटून घरी आलो तर काकांनी मजल्यावर प्रत्येकाला खाजं, म्हणजे कोकणातल्या जत्रेतली गुळाची मिठाई, वाटलं होतं. माझा वाटा डबल.

खाजं चघळत दारात उभा होतो तेव्हा ताईचा कॉल चालू होता. तिच्याबरोबरची एक नर्स सुट्टीवर भायखळ्याला घरी येणार होती, तिच्या हाती ताई नवा फोन पाठवत होती.

"पाठवू नको," काका म्हणाले. "माका होयो नाय."

"बाबा, घेतलाय मी."

"परत कर. सोमवारी येता. बाईंचो स्वतः फोन इलो होतो."

"कुठल्या बाई? बाबा, मी दिलेलं काही नकोच असतं का तुम्हाला?"

ताईनं तोंड फिरवलं. मी उरलेलं खाजं खिशात घातलं. खरं काय ते सांगायचं सोडून आपल्या खोलीत सटकलो. सोमवार यायचा होता ना अजून.

सोमवार आला. काकांनी पांढरा शर्ट घातला, फोन शंभर टक्के चार्ज करून पाटावर ठेवला आणि समोर मांडी घालून बसले. काही आलं नाही. मंगळवारी मी परत बाई झालो. तांत्रिक कारण, गुरुवार नक्की, आणि नुसतं खरं वाटावं म्हणून वर एक फोडणी दिली, "सर, कृपया फोनमध्ये भरपूर जागा मोकळी ठेवा." त्या जागेसाठी काकांनी ताईनं पाठवलेले तिचे सगळे जुने व्हिडिओ पुसले. तिचा डिग्रीचा, एअरपोर्टवरचा, काकू होत्या तेव्हाचा, त्यांच्याबरोबर करंज्या करतानाचा. "रोज दिसतलीच आता," मला सांगितलं, "जुना पाणी कित्याक साठवूचा?"

गुरुवारही गेला. भायखळ्याची नर्स नवा फोन तसाच घेऊन, सुट्टी संपवून कुवेतला परतली. एक तारीख आली. त्या दिवशी मी दुकानातून मुद्दाम लवकर आलो होतो. सात वाजता काका दाढी करून बसले आणि ॲप उघडेचना. ताईनं साधा फोन लावला. दोन मिनिटं बोलली, रुसलेलीच होती. पूर्वी अर्धा तास नुसतं बघायला काही लागत नव्हतं. नुसत्या आवाजावर या दोघांना बोलताच येत नाही, हे मला तेव्हा कळलं.

शेवटी ठरवलं, खरं सांगून टाकायचं. पण कसं, तर बाईच्या आवाजात! म्हणजे राग येईल तो तिचा येईल, माझा नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानाच्या मागच्या बाजूला उभा राहिलो, या वेळी स्पीकर बंद. "नमस्कार सर, आम्हाला सांगताना खेद होतो की आपल्या फोनला—"

"बाई, थांबा," काका म्हणाले. "तुम्ही वर सांगतास काय? माझा एवढा वर पोचवा." आणि त्यांनी थेट गाऱ्हाणंच सुरू केलं. रोजचा खणखणीत आवाज नव्हता. हळू, जपून, लांबच्या माणसाशी बोलावं तसा. "बा देवा म्हाराजा, माका फोन नवो नको, काय नको. सातांक माझा चेडू माका दिसांदे रे म्हाराजा…"

आणि माझ्या तोंडून, बाईच्या त्या इस्त्रीच्या आवाजात, निघून गेलं, "व्हय म्हाराजा."

पलीकडे पंख्याची करकर ऐकू येत होती. आमच्याच मजल्यावरचा पंखा, मी ओळखतो. मग फोन ठेवल्याचा आवाज आला.

संध्याकाळी घरी गेलो. समोरचं दार उघडं होतं. फोन पाटावर, वायफायच्या खाली, आणि माझा डबा भरून बाजूला ठेवलेला. तो डबा बघून मला जास्त भीती वाटली. मी उंबऱ्यात उभा राहिलो. काका माझ्याकडे न बघता सुरू झाले.

"येवचा नाय, ह्या तुका कधी कळला?"

"दिवाळीच्या आधी."

"आणि येतला म्हणान सांगितलंस. मेल्या, पाणी येवचा नसात तर मी आदल्या दिवशी फळ्यावर लिवी, उद्या पाणी नाय. लोक माका आयबापावरून शिव्या घालीत. घालू दे! पण हंडे भरून ठेवीत. पस्तीस वर्षां शिव्या खाल्लंय, पण येतला सांगान कोणाक कोरड्या नळाखाली बसवूक नाय. तू बसवलंस. माका बसवलंस ता बसवलंस, तिकडे माझ्या चेडवाक वाटता, बापाशीक तिची वस्तू नको." त्यांनी साधा फोनच लावला, कुवेतचा, आणि माझ्यासमोर धरला. रिंग जात होती. "सांग तिका. सगळा सांग. आणि त्या बायलेच्या आवाजात नाय, हेडमास्तराच्या नाय, माझ्या नाय. तुझो स्वतःचो एखादो आवाज असात तर त्या आवाजात सांग!"