अण्णा बोट बघायला गेले, स्थळ बघायला जातात तसे

क्रूझवर जाणाऱ्यांच्या एका ऑनलाइन ग्रुपवर मी गेले कित्येक महिने गुपचूप पडून होते. अंबाजोगाईत मेडिकल दुकान चालवणाऱ्या बाईला कुठल्या बंदरात टॅक्सीवाले लुटतात आणि कुठल्या जहाजावर इडली बरी मिळते याच्याशी काय घेणंदेणं? पण दुपारी गिऱ्हाईक नसलं की मी तेच वाचत बसायचे. एक दिवस धीर केला आणि प्रश्न टाकला, "ज्वारीच्या भाकरी जहाजावर नेता येतात का? सोबत सत्तरी ओलांडलेले आईवडील आहेत." धडाधड उत्तरं आली. भाकरी नेता येणार नाहीत, पण आईवडिलांना जरूर न्या, असं सगळ्यांचं म्हणणं पडलं.

जायचं कारण म्हणजे ऋतुजा. ही माझी भाची, माझ्या भावाची मुलगी. संभाजीनगरला हॉटेल मॅनेजमेंट शिकली आणि एका क्रूझ कंपनीत जहाजावरच्या बेकरीत तिला नोकरी लागली. महिन्याअखेरीपर्यंत होय की नाही ते कळवायचं होतं. पोरगी तयार, तिचे आईबाप अर्धेमुर्धे तयार आणि अण्णा आडवे. अण्णा म्हणजे माझे वडील. युसूफ वडगावच्या आमच्या घरात त्यांच्या शब्दाबाहेर गोठ्यातली गायही जात नाही. ते म्हणाले, "न बघितल्या जागी आमी लेक धाडत न्हाई."

"मग बघायला चला," मी म्हटलं.

"चल की," ते म्हणाले. आता मलाच माघार घेता येईना.

अण्णांचं हे 'बघणं' काय असतं ते सांगते. आमच्या भागात कुणाच्या मुलीसाठी स्थळ बघायला जायचं असलं की जीपमध्ये पुढच्या सीटवर अण्णा लागतात. त्यांची रीत ठरलेली. दिवाणखान्यात बसायच्या आधी गोठा बघायचा. मग प्यायला पाणी मागायचं आणि पाणी आणणाऱ्या सुनेच्या तोंडाकडे बघायचं. पाण्याच्या तांब्याकडे नाही, तोंडाकडे. घरातल्या बायका कधी जेवतात ते बोलता बोलता काढून घ्यायचं. आणि मनाचा होकार होईपर्यंत त्या घरात गोड खायचं नाही, कारण गोड खाल्लं म्हणजे शब्द दिला. या रीतीवर पंचक्रोशीतली कितीतरी लग्नं जुळली आणि काही दारातूनच परत फिरली.

आम्ही मुंबई-गोवा-मुंबई अशी तीन रात्रींची फेरी घेतली. तिघांनी एक केबिन घेतली की माणशी खर्च बराच खाली येतो. बिनखिडकीची सगळ्यात स्वस्त, पण माझी माय म्हणाली, "पाण्यावर जाऊन पाणी दिसंना तर जायाचं कावून?" म्हणून खिडकीची घेतली. तुम्हीही घ्या. शनिवार-रविवार सोडून गेलात तर दर निम्म्याच्या आसपास येतात.

अंबाजोगाईहून लातूर, लातूरहून रात्रीची रेल्वे. सकाळी सीएसएमटीला उतरलं की बंदर टॅक्सीने हाकेच्या अंतरावर आहे. ग्रुपवर सगळ्यांनी बजावलं होतं की आधारकार्ड आणि वेब चेक-इनचा कागद हातात ठेवा, बॅगेत नको. ते खरंच. पण एक गोष्ट कुणी सांगितली नव्हती, ती मी सांगते. अडकित्ता घरी ठेवा. सामान तपासणीच्या मशीनमध्ये अण्णांचा अडकित्ता दिसला आणि रांग थांबली.

"ये हथियार है क्या?" तिथल्या शिपायाने विचारलं.

"हथियार? सुपारी कैसी खाना फिर?" अण्णा आपल्या दखनी हिंदीत भडकले.

अडकित्ता पावती देऊन ठेवून घेतला. मायने पिशवीच्या तळाशी लपवलेले धपाटेही गेले. शेंगदाण्याची चटणी मात्र कशी कोण जाणे, सुटली. तीन दिवस ती चटणी आम्ही पास्त्यावर घालून खाल्ली आणि चांगली लागते, करून बघा.

जहाज बघून माय एवढंच म्हणाली, "बाई गं, ह्येला तर जिने हायेत." अण्णा काही बोलले नाहीत. कामावर आलेला माणूस बोलत नाही. पहिलं काम म्हणजे सुरक्षेची कवायत. भोंगा वाजतो, सगळ्यांनी ठरलेल्या जागी जमायचं, संकट आलं तर काय करायचं ते सांगतात. लोक कंटाळतात, फोन बघत बसतात. अण्णांनी एक शब्द चुकवला नाही. शेवटी माझ्या कानाशी म्हणाले, "हे बेस हाय. धोका काय हाय ते पैल्याच दिशी सांगत्यात. आपल्यात लगीन लागल्यावर कळतंय." मला वाटलं, पहिला गुण मिळाला.

रात्रीच्या जेवणाला आमच्या टेबलावर सोलापूरचं एक निवृत्त जोडपं होतं. त्यांची ही पाचवी क्रूझ. काकूंनी बसल्या बसल्या सल्ल्यांचं पोतंच उघडलं. केबिन मधल्या भागातली घ्या, डोलणं कमी जाणवतं. गोव्यात उतरताना पहिल्या गर्दीत घुसू नका, चहा पिऊन निवांत उतरा. आल्याची वडी खिशात ठेवा. मग काकांनी फोनमध्ये जुन्या जहाजांचे फोटो काढले आणि त्यांचा आवाज बदलला. "ही आमची पहिली. भंगारात गेली बिचारी. हिच्यावर नाश्त्याला रोज बासरीवाला असायचा." अण्णा फोन हातात घेऊन फोटो बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनीही आपल्या सोन्या आणि पाखऱ्या या बैलांच्या गोष्टी सांगितल्या. दोघांचं चांगलंच जमलं. मी आणि काकू मध्ये बोलायला जागा शोधत होतो.

वाढायला सुनीता नावाची मुलगी होती, दार्जिलिंगकडची. अण्णांनी पाणी मागितलं. तिने आणलं. अण्णांनी तिच्या तोंडाकडे बघितलं. मी मेले लाजेने.

"बेटी, तू खाना खाई क्या?"

"हाँ अंकल, हम लोग पहले ही खा लेते हैं."

"पैले? मेहमान के पैले?"

ती हसली. "भूखे पेट इतनी प्लेटें कौन उठाएगा, अंकल?"

अण्णांनी मान हलवली आणि पुन्हा पाणी मागितलं. तीन दिवसांत त्यांनी जहाजावरच्या जवळजवळ प्रत्येक मुलीकडे पाणी मागितलं असेल. सगळ्यांनी हसून दिलं. गुलाबजाम, केक, आईस्क्रीम, खीर यांची रांग लागलेली असायची, पण अण्णांनी एकालाही हात लावला नाही. मायने मात्र पहिल्याच जेवणाला दोन गुलाबजाम खाल्ले. तिला कुणी काही विचारलंच नव्हतं, त्यामुळे तिच्यावर कसलं बंधनही नव्हतं.

दुसरा दिवस समुद्रावरच. मला बोट लागली आणि दिवसभर दुकानात गोळ्या विकणारी मी आडवी पडले. तुम्ही गोळी निघायच्या आधी घ्या, उलटी सुरू झाल्यावर नको. माय उन्हं वर येईस्तोवर झोपली. आयुष्यात पहिल्यांदा. उठली, स्वतःच्या हाताने मशीनमधून चहा घेतला आणि डेकवर खुर्ची टाकून पाय पसरून बसली. मी धडपडत वर गेले तर म्हणाली, "कुणी हाकच मारंना गं." तक्रार होती की आनंद, मला कळलं नाही. तिचा चेहरा बघून मी तिच्या पायाशी तशीच बसून राहिले.

अण्णांनी तोवर स्वयंपाकघर बघायच्या फेरीला नाव घातलं होतं. त्याचे वेगळे पैसे पडतात, पण द्या. पिठाची कोठी, भांडी धुवायची जागा, भट्ट्या सगळं फिरवून दाखवतात. अण्णांनी बेकरीत पीठ चिमटीत घेऊन वास घेतला आणि भट्टीसमोरच्या मुलींना किती वाजता सुट्टी होते ते विचारलं. गोठा बघून समाधान झालं की करतात तसे हात मागे बांधून परत आले. मी ऋतुजाला मेसेज केला, "लक्षण चांगलं आहे."

तिसऱ्या दिवशी गोवा. बंदराच्या फाटकाबाहेर टॅक्सी ठरवण्याआधी जायचं-यायचं-थांबायचं सगळं मिळून किती ते एकदाच बोलून घ्या. सोलापूरच्या काका-काकूंसोबत एक गाडी केली, खर्च वाटून घेतला. जवळचाच एक शांत किनारा बघितला, मासळीचं जेवण झालं. माय लुगडं पोटरीपर्यंत खोचून पाण्यात गेली आणि लाट आली की लहान मुलीसारखी ओरडायची. अण्णा वाळूत तिच्या चपला धरून उभे. मी फोटो काढला तर म्हणाले, "गावात दाखवू नको." मी दाखवला.

संध्याकाळी जहाज गोव्याहून निघालं. आम्ही तिघं मागच्या डेकवर उभे होतो. आता विचारायला हरकत नव्हती.

"मग अण्णा, काय ठरलं?"

"घर चांगलं हाय," अण्णा म्हणाले. "मान्सं चांगली. लेकी हसून पानी देत्यात. वाढणारी आधी जेवत्यात. नाव ठेवाया जागा न्हाई."

मी फोन काढायला पर्समध्ये हात घातला.

"पर न्हाई जमायचं."

"कावून?" मी एवढ्यांदा ओरडले की शेजारचे वळून बघायला लागले.

"ह्येला रस्ता न्हाई." त्यांनी पाण्याकडे हात केला. "लेक कुटंबी दिली तरी सांगावा आल्यावर दिस मावळायच्या आत पोचता आलं पायजे. ही समिंदरात रडत बसली तर म्या कशानं जाऊ? बैलगाडीनं?"

इतके दिवस मी त्यांना हेकट समजत होते आणि ते नुसते घाबरलेले होते.

माय कठड्याला धरून उभी होती. ती मागे न वळताच म्हणाली, "माझं म्हायेर किती लांब हाय वो?"

"आता त्येचं काय मधीच?"

"सांगा की."

"आसंल धा कोस."

"रस्ता हाय?"

"हाय की."

"यष्टी?"

"ती बी हाय."

"तुमच्यावानीच कुनीतरी आलतं माझं सासर बघाया," माय म्हणाली. "गोठा बघून गेलतं, पानी पिऊन गेलतं. रस्ता हाय म्हनून बा लई खूश झालता. समदं चांगलंच निघालं, म्या नाव ठेवत न्हाई. पर किती बार गेले मी त्या रस्त्यानं? बाळंतपनाला गेलते. बा गेला तवा गेलते. जाऊ का म्हनलं की कवा पेरनी, कवा काढनी, कवा पावनं. 'आता नको, फुडल्या म्हयन्यात जा.' तुमी मारलं न्हाई, शिवी दिली न्हाई. नुस्तं फुडल्या म्हयन्यात जा म्हनलात."

जहाजाच्या मागे पाणी फेसाळत होतं.

"ती सुनीता फुडल्या म्हयन्यात घरी चाललीय. मला दाखवली तिनं बॅग घेतलेली, लाल. सुट्टी लागली की जाती. कुनाला इचारीत न्हाई." आता माय वळली. "आवं, ऋतुजा काय नांदाया चालली न्हाई. कामाला चाललीय. न्हाई करमलं तर यील की घरी."

तेव्हा मला कळलं की चूक एकट्या अण्णांची नव्हती. तीन दिवस मीही त्यांच्यामागे गोठे शोधत फिरले होते. शिकलेली, दुकान चालवणारी मी, पण घरातली मुलगी लांब निघाली म्हणजे ती कुणाला तरी दिली, असंच माझ्याही डोक्यात होतं. मला रडू आलं आणि मी ते वाऱ्यावर ढकललं.

अण्णा रात्री जेवायला आले नाहीत. सकाळी मुंबईला उतरायच्या आधी नाश्त्याला आले, थेट बेकरीच्या टेबलाशी गेले आणि केकचा मोठा तुकडा घेऊन बसले. सोलापूरच्या काकूंना वाटलं, आज यांना भूक लागली. मायने आपल्या ताटातलं कलिंगड त्यांच्याकडे सरकवलं. मी बाहेर जाऊन ऋतुजाला फोन केला.

घरी येऊन आता दीड महिना झाला. ग्रुपवर मी आता प्रश्न विचारणारी राहिले नाही, उत्तरं देते. खिडकीची केबिन, आधी गोळी, अडकित्ता नको. ऋतुजा रुजू झाली. तिथल्या पावांचे फोटो पाठवते आणि अण्णा ते बोटांनी मोठे करून बघतात. जहाज, समुद्र, किनारा सगळं छान होतं, पुन्हा जायला मी एका पायावर तयार आहे. पण मला विचाराल तर त्या प्रवासातलं खरं काय उरलं ते गेल्या सोमवारी दुकानात कळलं.

सकाळी अण्णा आणि माय काउंटरसमोर येऊन उभे राहिले. मायच्या हातात पिशवी, अंगावर नवं लुगडं.

"कुठं निघालात?"

"तुज्या मायला म्हायेरी सोडाया," अण्णा म्हणाले. "तिच्या बीपीच्या गोळ्या दे."

"किती दिवसांच्या देऊ?" मी सवयीने अण्णांकडे बघून विचारलं.

अण्णांनी मायकडे बघितलं. माय म्हणाली, "म्हयन्याच्या दे."

मी दहा-दहा गोळ्यांच्या तीन पट्ट्या पाकिटात घातल्या.

"आजून एक घाल," अण्णा म्हणाले.